खिडकीबाईंच्या ट्रॅक्टरचं पुढचं वजन

खिडकीबाईंना पाय आहेत हे गावाला कळलं तेव्हा बाईंचं वय एकावन्न होतं. त्याआधीची चोवीस वर्षं त्या कचेरीतल्या तीन नंबरच्या खिडकीमागे बसून होत्या. जन्माचे दाखले डावीकडच्या गठ्ठ्यात, मृत्यूचे उजवीकडच्या आणि मधे बाईंचा खांद्यापासून वरचा भाग. लोक यायचे, वाकून जाळीतून नाव सांगायचे, शिक्का पडला की जायचे. मग एके दिवशी बाई गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून, एका फिकट गुलाबी ट्रॅक्टरवर बसून भर बाजारातून गेल्या आणि दुकानदार हातातलं गिऱ्हाईक सोडून बाहेर आले. ट्रॅक्टर मुळात लाल होता, उन्हापावसाने विटला होता. बाई मात्र अशा काही खुलल्या होत्या की काहींनी त्यांना ओळखलंच नाही. नाव तेवढं खिडकीबाईच राहिलं.

त्याचं असं झालं. बाई आपल्या दिराबरोबर भंगारबाजारात लोखंडी कपाट बघायला गेल्या होत्या. दीर धंद्याने वेल्डर. बाई त्याला भावजी म्हणतात म्हणून सगळा गाव भावजी म्हणतो. अंगाने इतका काटकुळा, की वेल्डिंगचा मुखवटा चढवला की नुसता मुखवटाच काम करतोय असं वाटावं. कपाटांच्या मागे हा ट्रॅक्टर उभा होता. सोळा अश्वशक्तीचा, कमरेएवढा उंच, कुणाच्या तरी बागेत फवारणी करून दमलेला. बाई सहज म्हणून त्यावर बसल्या. भावजींनी सहज म्हणून दोन तारा जोडल्या. ट्रॅक्टरने एक ढेकर दिला, टुणकन उडी मारली आणि समोरचं कपाट आडवं केलं. कपाटाला पोचा आला म्हणून ते घेववेना आणि ट्रॅक्टर सुरू झाला म्हणून तो सोडवेना. शेवटी भंगाराच्या भावात मिळालेल्या त्या ट्रॅक्टरवर बसूनच बाई घरी आल्या. क्लच सोडला की तो आजही उडी मारतो, म्हणून त्याला सगळे बेडूक म्हणतात.

बेडकाला मग गोतावळा जमला. एका मोडीत काढलेल्या गाडीचा मागचा आस आणि प्रसूतिगृहातल्या लोखंडी खाटा यांचा भावजींनी ट्रेलर केला. त्याच्या फळीवर ‘खाट क्र. ९’ हा पत्रा अजून आहे. भावजींनी तो मुद्दाम ठेवला, कारण चोवीस वर्षं दाखले देऊनही वहिनींनी खाट कधी बघितली नव्हती असं त्यांचं म्हणणं. मग आली चार जाड चाकांची मोटरसायकल. तिला मागे जायचा गिअर लागत नाही, त्यामुळे वळवायची झाली की उतरून ढुंगण उचलून फिरवावी लागते. आणि सगळ्यात शेवटी कमान. शाळेच्या मैदानातला जुना गोलपोस्ट वाकवून, खाली दोन फुगीर चाकं लावून भावजींनी ती बनवली. कमान ओंडक्याच्या बुंध्यावर आणायची, साखळीने बुंधा वर टांगायचा आणि कमान ट्रॅक्टरला जोडायची. ओंडक्याचं तोंड जमिनीच्या वर राहतं, मागून फक्त शेपूट घासत येतं. जमीन नांगरली जात नाही.

या कमानीनेच बाईंचं नाव झालं. वाऱ्याने झाडं पडतात, कुणाच्या घरामागे दोन, कुणाच्या ओढ्याकाठी पाच. एवढ्याशा कामाला मोठं मशीन येत नाही, आणि आलंच तर पाच झाडं नेताना पन्नास झाडांची मुळं चिरडून जातं. बाई यायच्या, झाडांच्या मधून बेडूक सुईतल्या दोऱ्यासारखा काढायच्या आणि ओंडके वखारीत पोचवून दुपारच्या जेवणाला घरी. तिसऱ्या महिन्यात त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला. कारण विचारल्यावर म्हणाल्या, ओंडके परत येऊन नावाचं स्पेलिंग चुकलं म्हणून भांडत नाहीत.

आता बाईंच्या घरधन्याबद्दल सांगायला हवं. ते भूगोलाचे निवृत्त शिक्षक. त्यांना सगळे सर म्हणतात, आणि बाईसुद्धा त्यांच्या पाठीमागे सरच म्हणतात. सरांचं वजन एकशे चार किलो आणि भारदस्तपणा त्याहून जास्त. ते हळू बोलतात, हळू चालतात आणि छत्रीशिवाय उंबरा ओलांडत नाहीत. तीन वर्षांत ते बेडकाच्या पाच पावलांच्या आत आले नव्हते. जेवताना ओंडक्यांचा विषय निघाला की ताट उचलून ते पुढच्या खोलीत जात. बाईंनीही नाद सोडला होता. संध्याकाळी बेडकाची फटफट वळणावर ऐकू आली की सर नेमके हवा खायला दारात उभे असत, हे बाईंच्या लक्षात आलं होतं. पण सरांना हवा आवडते, असंच त्या समजत होत्या.

अशात एकाच आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. कचेरीतून पत्र आलं, की तीन नंबरची खिडकी रिकामी आहे, जुन्या अनुभवी बाई म्हणून आपला विचार होऊ शकतो, सोमवारपर्यंत कळवा. आणि टेकडीच्या मालकीणबाईंनी निरोप धाडला. टेकडी म्हणजे गावामागचं सगळं रान. वादळात तिथे शेकड्याने झाडं आडवी झाली होती. ते काम मिळालं तर दोन-तीन वर्षं बेडकाला उसंत नव्हती. नाही मिळालं तर बाईंकडे काहीच नव्हतं, कारण घरामागची सुटी झाडं सगळी उचलून झाली होती आणि वारा काही बाईंच्या सोयीने सुटत नाही. तेव्हा एक तर टेकडी, नाही तर खिडकी. खिडकीच्या नुसत्या आठवणीने बाईंचे पाय आखडायचे.

मालकीणबाई पंचाहत्तरीच्या, बारीक, ताठ, कमी बोलणाऱ्या. त्यांच्या दुसऱ्या रानात एका मोठ्या मशीनने असे चर पाडले होते की त्यांत अजून पाणी साचून बेडूक राहतात, खरेखुरे. त्यांची अट सोपी होती. वरच्या सपाटीवरचा सगळ्यात जाड ओंडका खाली रस्त्यापर्यंत आणून दाखवायचा आणि वाटेत चाकाचा चर दोन बोटांपेक्षा खोल नको. कुणाची बोटं, असं भावजींनी विचारलं. मालकीणबाईंनी आपली दोन बोटं वर केली. ती काड्यांसारखी होती. शनिवारी चारला मोठ्या मशीनवाला सही करायला येणार होता. त्याच्या आत ओंडका खाली आला तर काम बाईंचं.

शुक्रवारी रात्रभर बाईंच्या डोक्यात फक्त शेवाळ होतं. वरच्या सपाटीवर गादीसारखं शेवाळ आहे, त्यावर चाक रुतलं की संपलं. शनिवारी सकाळी त्यांनी बेडूक हलका करायला घेतला. अवजारांची पेटी काढली, मागची फळी काढली, दिव्यांवरची जाळी काढली. मग पुढे टांगलेले दोन डबे काढले. रंगाचे मोठे डबे, आत काँक्रीट भरलेलं, दोन मिळून शंभर किलो. भावजींनीच ते बनवले होते, आणि का बनवले होते हे ओंडके ओढणाऱ्या कुणालाही झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. पण त्या दोघांच्या डोक्यात शेवाळ होतं. भावजींनी डबे अंगणात ठेवून त्यांवर हातरुमाल वाळत घातला आणि दोघं निघाली.

सुरुवात इतकी झकास झाली की बाईंना गुणगुणावंसं वाटलं. ओंडका सहा मीटरचा, एकट्याच्या कवेत न मावणारा. त्यांनी बेडकाच्या चारही चाकांतली हवा कमी केली. चाकं चपटी होऊन पसरली म्हणजे वजन वाटलं जातं, जमीन दबत नाही. कमान बसली, साखळी ताणली, बुंधा वर उचलला गेला. क्लच सोडताच बेडकाने नेहमीची उडी मारली आणि ओंडका निमूट मागे चालू लागला. शेवाळावर नुसत्या पुसटशा खुणा. मालकीणबाई मागून चालत होत्या आणि मधे मधे वाकून बोटं टेकवत होत्या. एका झाडाखाली छत्री उघडून सर उभे होते. टेकडीवर हवा चांगली असते म्हणून आलो, असं त्यांनी भावजींना सांगितलं. आकाशात ढगाचा तुकडा नव्हता.

सपाटी संपली आणि चढ लागला. वीस पावलांचाच, पण छातीवरचा. चढ संपला की पलीकडे रस्त्यापर्यंत नुसता उतार. बाईंनी पहिला गिअर टाकला, बेडूक चढाला लागला, ओंडक्याने मागून आपलं सगळं वजन घातलं आणि बाईंना समोर एकाएकी आकाश दिसू लागलं. पुढची दोन्ही चाकं हवेत होती. बाईंनी क्लच दाबला. चाकं धपकन खाली आली. बाईंनी भावजींकडे पाहिलं, भावजींनी बाईंकडे. दोघांनाही अंगणातले डबे आणि वरचा हातरुमाल एकदमच दिसला.

“वहिनी, आपण दोघं गाढव आहोत,” भावजी म्हणाले.

सव्वातीन वाजले होते. घरी जाऊन डबे आणायला चारचाकी मोटरसायकलने जाऊन-येऊन दीड तास. आसपास दगड नव्हते, सगळी मऊ माती. भावजींनी पुढे होऊन बॉनेटवर बैठक मारली. बाईंनी क्लच सोडला. चाकं पुन्हा उचलली गेली, फक्त या वेळी त्यांच्याबरोबर भावजीही वर गेले आणि झेंड्यासारखे वर राहिले. तिथून त्यांना मोठ्या मशीनवाल्याची जीप खालच्या रस्त्याला वळताना दिसली, आणि त्यांनी ती बातमी वरूनच दिली. सोमवार सकाळ, जाळी, दोन गठ्ठे आणि मधे आपण, हे सगळं त्यांना लख्ख दिसलं.

मग त्यांची नजर झाडाखालच्या छत्रीवर गेली.

भावजींचे एकावन्न किलो, डब्यांचे शंभर, आणि छत्रीखाली एकशे चार. हिशोब भावजींच्याही ध्यानात आला, पण तोंड उघडायची त्यांची छाती होईना. सर त्यांचे थोरले भाऊ. लहानपणी त्यांना पाढे सरांनीच शिकवले होते. बाई उतरल्या, सरांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. एकतीस वर्षांच्या संसारात त्यांनी सरांकडे फारसं काही मागितलं नव्हतं. मागून मिळत नाही असं नव्हे, आधी अर्धा तास विचार होतो म्हणून. आज अर्धा तास नव्हता.

“अहो,” त्या म्हणाल्या, “ट्रॅक्टरच्या नाकावर बसाल का?”

सरांनी छत्री मिटली. बेडकाकडे पाहिलं, चढाकडे पाहिलं. चढ साधारण वीस अंशांचा असावा, असं ते म्हणाले. मग छत्री भावजींच्या हातात दिली, चष्मा खिशात ठेवला आणि वर्गात शिरावं तसे चालत जाऊन बेडकाच्या बॉनेटवर बसले. बेडूक पुढून एक वीतभर खाली गेला. भावजींनी तोंडात बोट घालायचं तेवढं बाकी ठेवलं.

बाई चढल्या. समोर आता आकाशाच्या जागी सरांची पाठ होती, आणि ती आकाशाइतकीच रुंद होती. बाजूने डोकं काढून बघत बाईंनी क्लच सोडला. उडी बसली, सरांनी दिव्याची दांडी दोन्ही हातांनी धरली. बेडूक चढू लागला. पाच पावलं, सात पावलं. मागून ओंडका ओढत होता, इंजिन खोकत होतं. अकराव्या पावलाला ओंडक्याचं शेपूट एका मुळाला अडलं आणि पुढची चाकं पुन्हा जमिनीवरून सुटली, एवढीशीच, दोन-तीन बोटं. पण सरांना ती दोन मजले वाटली. माणसाला आपला शेवट जवळ आला असं वाटलं की तो खरं बोलतो, त्याप्रमाणे सर समोर बघत मोठ्याने बोलले.

“ते पत्र मी लिहायला लावलं. मीच गेलो होतो कचेरीत, खिडकी रिकामी ठेवा म्हणून. तू संध्याकाळी घरी येईस्तोवर माझा जीव थाऱ्यावर नसतो.”

बाईंचा एक पाय क्लचवर होता आणि एक ब्रेकवर. तीन वर्षांच्या संध्याकाळी, दारातले सर आणि ती हवा, सगळं एका क्षणात उलगडलं. राग यायला हवा होता. आलाही, अगदी खरा, त्या पाठीत धपाटा घालावा इतका. पण त्याच वेळी त्यांना इतकं प्रेम वाटलं की डोळे भरून आले आणि समोरचा चढ दिसेना.

“आधी पुढे झुका,” त्या म्हणाल्या. “भांडण वर गेल्यावर करू.”

सर झुकले. पोटावर आडवे होऊन त्यांनी बेडकाच्या नाकाला मिठीच मारली. चाकं खाली टेकली, ओंडका मुळावरून सुटला आणि बेडूक उरलेली नऊ पावलं एका दमात चढून माथ्यावर येऊन थांबला.

बाईंनी ब्रेक लावला. मग सरांच्या पाठीला हलके हलके हिसके बसू लागले. बाईंना वाटलं, यांना काही झालं की काय. त्या घाबरून उतरून पुढे गेल्या, तर सर हसत होते. आवाज न करता, तोंड लाल करून, इंजिनाच्या पत्र्यावर गाल टेकून हसत होते. त्यांच्या शर्टाच्या पुढच्या बाजूला वंगणाचा मोठा नकाशा उमटला होता. तो कुठल्या खंडाचा आहे, असं बाईंनी विचारलं, आणि मग बाईही हसत खाली बसल्या. मागून छत्री घेऊन भावजी पळत आले. आपल्या दादाला असं हसताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. दोघांना हसून हसून मुरकुंडी वळलेली बघून तेही कारण न विचारता हसायला लागले.

उतारावर सर स्वतःहून उतरले. इथे ओंडका मागून ढकलतो, पुढे वजन नको, हे त्यांना कुणाला सांगावं लागलं नाही. बाईंनी बुंधा साखळीने थोडा खाली सोडला, म्हणजे ओंडका जमिनीला घासत ब्रेकचं काम करतो. सर बाजूने चालत होते. मऊ जागा आली की दूर व्हायचे, छोटासा उंचवटा आला की न सांगता बॉनेटवर टेकायचे, गेला की उतरायचे. चारला दहा कमी असताना ओंडका रस्त्याला लागला. मोठ्या मशीनवाला जीपला टेकून उभा होता. त्याने आधी ओंडका पाहिला, मग गुलाबी ट्रॅक्टर, मग सरांचा शर्ट, आणि हातातलं पेन खिशात ठेवलं.

पण निकाल त्याच्या हातात नव्हता. मालकीणबाई अजून वरून खाली येत होत्या, दर दहा पावलांवर गुडघे टेकून चरात बोटं घालत. बाईंच्या जिवात जीव नव्हता. सपाटीवर काळजी नव्हती. चढावर मात्र बेडूक तीनदा उधळला होता आणि पुढून एकशे चार किलो चढले होते. मालकीणबाई चढाच्या जागी बराच वेळ रेंगाळल्या होत्या, हे खालून दिसलं होतं. त्या रस्त्यावर आल्या, हात झटकले आणि बाईंसमोर दोन बोटं आडवी धरली. खालच्याला माती लागली होती. वरचं स्वच्छ होतं.

“दीड पण नाही,” त्या म्हणाल्या. “सोमवारपासून या. पण ते काँक्रीटचे डबे आणू नका. मी विचारलं तुमच्या दिराला. डबे सगळीकडे सारखेच जड. हे वजन चांगलं आहे, लागेल तिथे चढतं आणि मऊ जागी आपणहून उतरतं. हेच आणा.”

बाईंनी सरांकडे बघायचं टाळलं. गेल्या तीन वर्षांत ज्याने ताट उचललं, त्याला तोंडावर नुसतं ‘वजन’ म्हटलेलं ऐकून काय वाटलं असेल, याचा त्यांना अंदाज होता. भावजी तर खाली बसून उगाच साखळी मोजायला लागले. सरांनी मोठ्या मशीनवाल्याला तुमच्याकडे फोन आहे का असं विचारलं, आपला घरी राहिला होता. त्याने दिला. सरांनी खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि पाठ असलेला कचेरीचा नंबर लावला. शनिवारी तिथे फक्त यंत्र असतं, निरोप टिपून घेणारं. सर त्या यंत्राशी वर्गात बोलावं तसे सावकाश, स्पष्ट बोलले.

“तीन नंबरच्या खिडकीबद्दल मी मागे विनंती केली होती. ती मागे घेतो. बाईंना वेळ नाही.”

त्यांनी फोन कानापासून दूर केला, मग काही आठवल्यासारखा पुन्हा जवळ आणला.

“मलाही नाही,” ते म्हणाले. “मी कामाला लागलो आहे.”